चढगल्लीतले हेव्याचे घाव

हे सगळं सुरू झालं चैत्र वद्य पंचमीला, सूर्य उगवून पाच घटका आणि बारा पळं झाली तेव्हा. इतक्या जुन्या गोष्टीची इतकी नेमकी वेळ कशी ठाऊक, असं पाहुणे विचारतात. त्याला कारण आहे. उंबराईच्या देवळाची चौकट उभी करायचा मुहूर्त तोच होता. जोशीबुवांनी पाण्यात घटिकापात्र सोडून तो मोजला होता. चौकट उभी राहिली आणि त्याच पळाला एका बाईच्या पोटात हेवा उभा राहिला, असं सांगतात.

उंबरघाटला येणारी माणसं ती चौकट बघायलाच येतात. तिच्यावर वेल आहे, वेलावर पोपट आहेत, वर कीर्तिमुख आहे. माणसं माना वर करून बघतात, फोटो काढतात. पण नदीवरून ज्या गल्लीतनं ती चढून येतात, त्या चढगल्लीकडं कुणी बघत नाही. काळ्या दगडाची, पायऱ्यापायऱ्यांची साधी गल्ली. दर एकवीस पावलांवर एक रुंद दगड, विसाव्याचा. आणि प्रत्येक दगडावर आडव्या बारीक रेघा, जात्याला टाकी लावल्यासारख्या. काही रेघा झिजून गेल्यात, काही गेल्या वर्षीच्या, अजून पांढुरक्या. भर पावसात पोरं या गल्लीतनं धावत उतरतात आणि दारातल्या आया ओरडत नाहीत.

कुणी थांबून विचारलंच, की या रेघा कसल्या, तर कोपऱ्यावरच्या बायजाआत्या ओट्यावर जागा करून देतात, पाणी देतात, आणि सांगतात ते असं.

फार मागं, म्हणे, उंबरघाटच्या देशमुखीणबाईंचा मुलगा मोठ्या दुखण्यातनं उठला. त्यांनी देवीला बोललेलं होतं. टेकाडावर देऊळ बांधीन, आणि नदीपासून देवळापर्यंत दगडी वाट करीन. तोवर तिथं नुसता मातीचा चढ होता. पाणी घेऊन चढणाऱ्या बायका तिथं पडायच्या. एक तर पोटुशी होती, ती पडली ती उठलीच नाही.

कामाला दोन भाऊ आले, जातीचे पाथरवट. थोरला रखमाजी, त्याचा हात कोरीव कामात. त्याच्या पोपटाला पेरू दाखवला तर चोच उघडेल, असं लोक म्हणत. त्याला चौकट मिळाली. धाकटा सुभाना, त्याला वाट मिळाली.

सुभानाची बायको ठकू. वयानं लहान, पदरात दीड वर्षाची मैना. ठकू घरोघरी जात्या-पाट्याला टाकी लावायची. जातं झिजून गुळगुळीत झालं की दाणा आत नुसता फिरतो, पीठ होत नाही. मग छिन्नीनं बारीक बारीक घाव घालून त्याला परत खरखरीत करायचं, ते तिचं काम. ती डावरी होती, पण हात असा बसलेला की बायका तिचीच वाट बघायच्या. थोरल्याची बायको भिवरा. तिला मूलबाळ नव्हतं. मैना आईपेक्षा या चुलतीच्याच कडेवर जास्त.

तर त्या पंचमीला चौकट उभी राहिली. बाईसाहेबांनी रखमाजीला शेला-पागोटं दिलं. भिवराला पाटावर बसवून तिची ओटी भरली आणि वर जांभळ्या काठाचं हिरवं लुगडं दिलं. ठकू गर्दीत मागं, टाचा उंच करून बघत होती. मैना तिच्या कानातलं ओढत होती, तेसुद्धा तिला कळलं नाही.

आणि सुभाना? तो त्या वेळी खाली घाटापाशी गुडघ्यावर बसून एका दगडाखाली चुरी भरत होता. त्याला कुणी हाक मारली नव्हती. सगळा गाव त्याच्याच दगडांवरून वर आला होता. वाजंत्री आले, काठी टेकत म्हातारे आले, बाईसाहेबांचा मेणा आला. कुणाचा पाय अडखळला नाही, म्हणून कुणी खाली बघितलं नाही.

ठकूनं पदर कपाळावर पुढं ओढला. तिला आधी वाटलं, ऊन लागलं. मग तिला उमजलं की हे ऊन नव्हे, हे लुगडं आहे.

भिवरा ते लुगडं नेसून पाण्याला यायला लागली. मुद्दाम नव्हे, आनंद झाला होता बाईला. पण ठकूला ते मुद्दामच वाटायचं.

"जाऊबाई, काठ भिजतोय," ठकू म्हणायची.

"भिजू दे गं. धुतलं की आणखी खुलतं."

"खुलणारच. देवाच्या कामाचं लुगडं."

"भावजींचं पण होत आलं की काम," भिवरा समजुतीनं म्हणाली. "पण वाट ती वाट, ठके. पायाखालीच जायची."

हे शेवटचं ठकूच्या काळजात रुतलं. भाकरी थापताना ते आठवायचं आणि भाकरी चिरायची. दुसऱ्याच्या जात्याला टाकी लावताना आठवायचं आणि घाव खोल जायचा. भिवराच्या लुगड्याचा पदर वाळत टाकलेला दिसला, तरी ती लांबच्या वाटेनं घरी यायची. इतका हेवा, की भिवरानं मैनाला घास भरवला तर तोही तिला लुगड्याचाच तोरा वाटायचा.

तशात बातमी आली. देवीची प्राणप्रतिष्ठा अक्षय तृतीयेला, म्हणजे अकराच दिवसांवर. त्या दिवशी बाईसाहेब सगळं काम फिरून बघणार आणि एका कारागिराचं नाव दगडात कोरायला सांगणार. एकाच. ठकूनं ठरवलं, ते नाव सुभानाचंच पाहिजे. नाहीतर जन्मभर आपण पायाखालच्याच.

"अहो, त्या वाटेवर एखादं कमळ तरी काढा," ती नवऱ्याला म्हणाली.

"वाटेवर?"

"हंसाची जोडी काढा. लोक बघतील."

"वर ओझं, आणि बघायचं खाली? पडतील लोक."

"मग निदान घोटा तरी दगड. देवळातली फरशी बघा, तोंड दिसतं."

सुभाना हसला. "ज्याला तोंड बघायचंय त्यानं देवळात जावं. इथनं पाणी न्यायचंय."

हा माणूस असाच. वाटेचं काम धरण्याआधी आठ दिवस नुसता घाटावर बसून होता, पाणी नेणाऱ्या बायकांच्या पायांकडं बघत. घाटावरच्या पुरुषांनी टाळ्या दिल्या होत्या. "काय सुभाना, दगड निवडतोयस का पाय?" ठकूला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आता तिला वाटलं, आठ दिवस बायकांचे पाय बघून यानं केलं काय, तर रेघारेघांचे धोंडे.

काठाचे शेवटचे दगड आणायला सुभाना सात कोसांवरच्या खाणीत मुक्कामाला गेला. ठकूला तेवढंच हवं होतं. देवळाची फरशी घोटून झिजलेले कुरुंदाचे तुकडे रखमाजीनं कचऱ्यात टाकले होते. ते तिनं पदरात गोळा केले. चढाच्या बरोबर मध्यावर जो विसाव्याचा दगड, तो तिनं निवडला, कारण तिथं प्रत्येक माणूस दम खायला थांबतो. रोज दुपारी मैनाला भिवराकडं द्यायची आणि दगडावर बसायचं. आधी सुभानाच्या आडव्या रेघा छिन्नीनं मारून सपाट केल्या. मग वाळू, मग कुरुंद, मग पाणी. नऊ दुपारी ती घासत होती. हाताची सालं गेली. शेवटी तेलाचा हात दिला आणि दगड असा झाला की त्यात आभाळ दिसायला लागलं.

बायका थांबायला लागल्या. "अगंबाई, आरसाच की हा! सुभानानं सांगितलं वाटतं?"

"तर काय," ठकू म्हणायची. बायका वाकून त्यात आपलं कुंकू बघायच्या आणि आरसा मळू नये म्हणून कडेनं पुढं जायच्या. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिला भाकर गोड लागली. भिवरासुद्धा आली, बघून म्हणाली, "छान झालंय गं," आणि ठकूला तो 'छान' जरा बारीक ऐकू आला. म्हणजे हिलाही झोंबलं तर. तिला फार बरं वाटलं.

जिचा दिवस न् दिवस गुळगुळीत दगडाला खरखरीत करण्यात जायचा, तिनं हे केलं. दाणा ज्या दगडावर ठरत नाही त्याच्यावर पाऊल कसं ठरेल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण हेवा माणसाला त्याचा स्वतःचा धंदा विसरायला लावतो, असं बायजाआत्या इथं थांबून म्हणतात.

अक्षय तृतीया उजाडली. देवीच्या स्नानाला नदीचं पाणी न्यायचं होतं. पाच सवाष्णी, पाच घागरी, पहिली मानाची घागर भिवराची. मागं पालखी, तिच्यामागं बाईसाहेब. ठकू मधल्या दगडापाशी उभी राहिली होती, बाईसाहेब काय बोलतात ते ऐकायला. मैनाला तिनं पहाटेच शेजारणीकडं ठेवलं होतं.

मानाची घागर, म्हणून भिवरा वाटेच्या मधोमध चढत आली. अंगावर तेच हिरवं लुगडं. घागर डचमळत होती, पाणी ओघळून तिच्या पायावर येत होतं. ठकूनं ते ओले पाय बघितले. आपला दगड बघितला. तिला सगळं त्याच क्षणी कळलं. 'जाऊबाई, थांबा,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द घशापर्यंत आला, आणि तेवढ्यात तो जांभळा काठ उन्हात चमकला. शब्द थांबला. एकच पळ थांबला, असं सांगतात. कुणी म्हणतात तेवढंसुद्धा नाही.

मग वाऱ्यानं पदर हलला आणि भिवराच्या पलीकडच्या कडेवर, पदराच्या सावलीत, मैना दिसली. शेजारणीकडं रडून रडून ती चुलतीकडंच गेली होती.

"जाऊबाई!" ठकू ओरडली. पण पाय दगडावर पडला होता.

भिवरा आडवी गेली. घागर सोडली, तोल सोडला, पण दोन्ही हातांनी पोर वर धरली. गुडघा दगडाच्या कडेवर आपटला, त्याचा आवाज खालपर्यंत ऐकू गेला. घागर ठणठणत पार घाटात जाऊन थांबली. मैनाला ओरखडासुद्धा आला नाही. भिवरा उठू शकली नाही.

पालखी चढाखाली थांबली. भोई म्हणाले, देवीचं पाणी सांडलं, आता आम्ही या वाटेनं चढणार नाही. गर्दीत कुजबुज झाली, मग मोठ्यानं बोलणं झालं. बायकांचे पाय बघत बसलेल्या माणसानं केलेली वाट, दुसरं काय होणार! सुभाना त्याच सकाळी खाणीवरून आला होता. तो पुढं आला, दगडाशी बसला, त्यावरून तळवा फिरवला. एका कोपऱ्यात दोन-तीन घाव घासायचे राहून गेले होते. ते डावीकडं कललेले होते. गावात डाव्या हाताचा घाव एकीचाच. त्यानं बोटानं ते चाचपले आणि ठकूकडं न बघता उभा राहिला.

"चूक माझी," तो म्हणाला.

"मग ही वाट उखडा," बाईसाहेब म्हणाल्या. "सगळी. दगड नदीत टाका. आणि पालखी मागच्या रानातनं न्या."

दीड वर्षाचं काम होतं ते. सुभानानं नुसती मान हलवली. रखमाजी काही बोलायला गेला, त्यालाही हातानं थांबवलं. ठकूला कळलं, हा माणूस आपलं नाव कधीच घेणार नाही. नाव कोरून घ्यायला निघालो होतो, आणि आता याच्या नावाला कायमचा डाग. गप्प बसलं तर आपण सुटतो.

तिनं कडेवरच्या पोरीला शेजारणीकडं दिलं आणि मधे जाऊन उभी राहिली.

"दगड मी घोटला," ती म्हणाली. "यांना ठाऊकसुद्धा नाही. जाऊबाईंना लुगडं मिळालं, मला नाही मिळालं, म्हणून घोटला. आणि पाय घसरणार हे मला आधी दिसलं होतं. तरी मी हाक मारायला उशीर केला."

ठकू घरात पळाली, पाट्याची छिन्नी-हातोडी घेऊन आली आणि त्या दगडावर मांडी घालून बसली. आडवा घाव. त्याला लागून दुसरा. त्याला लागून तिसरा. जमलेल्या बायकांच्या लक्षात आलं, ही तर जात्याला लावतात तशीच टाकी! आणि मग त्यांनी पहिल्यांदा आपल्या पायाखालचे बाकीचे दगड बघितले. वरपासून खालपर्यंत तसेच घाव. सगळे आडवे, एकही उतारासरसा नाही.

बाईसाहेबही खाली बघत होत्या. "हे असं का?" त्यांनी सुभानाला विचारलं.

सुभानाला चारचौघांत बोलता येत नसे. त्यानं एक घागर उचलली आणि वरच्या दगडावर ओतली. पाणी सरळ खाली धावलं नाही. प्रत्येक रेघेत जरा थबकलं, दगडाच्या कलानं बाजूला वळलं आणि कडेच्या पन्हाळीत पडलं. खालच्या दोन पायऱ्या कोरड्याच राहिल्या.

"आणि पायरीची ही उंची कुणी सांगितली?"

"हिच्या पायानं," सुभाना म्हणाला. "मैना पोटात होती, आठवा महिना. दोन घागरी घेऊन चढायची. जिथं जिथं पाय उचलायला जड गेला, जिथं थांबली, तिथं मी खूण करून ठेवली. ही चढली तर सगळ्या चढतील म्हटलं."

ठकूची हातोडी थांबली. तिनं मान वर केली नाही. दगडावर दोन थेंब पडले, तेही रेघेनं बाजूला गेले, असं सांगतात. घाटावरच्या त्या टाळ्या देणाऱ्या पुरुषांनी तोंडं फिरवली.

रखमाजी वाकून एका सांध्यावरनं नख फिरवत होता. "माझ्या चौकटीत दोन जागी चुना भरलाय मी," तो म्हणाला. "कुणाला दिसत नाही. याच्यात नख जात नाही."

तेवढ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली भिवरा म्हणाली, "मला न्या तिथं." गुडघ्याला फळ्या बांधल्या होत्या. दोघींनी धरून आणली. तिनं ठकूच्या हातातली छिन्नी काढून घेतली. ठकूनं डोळे मिटले. तिला वाटलं, आता मारते.

भिवरानं दगडावर एक घाव घातला. वाकडा बसला.

"हा माझा," ती म्हणाली. "तू एकटीच जळत होतीस असं समजू नकोस, ठके. तुझी मैना कडेवर घेतली की मला वाटायचं, हिला म्हणावं, लुगडं घे आणि पोर दे. रोज वाटायचं. मग मी आणखीच नटून यायची."

ठकूनं त्या घावावरनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "वाकडा घातलात, जाऊबाई. असा धरतात होय?"

"मग दाखव की, शहाणे!"

बायकांत आधी एकजण हसली, मग सगळ्या. मग एक पुढं आली, तिनं बहिणीच्या पाटल्यांसाठी घाव घातला. दुसरीनं शेजारणीच्या दुभत्या म्हशीसाठी. एका म्हातारीनं तर कधीच वारलेल्या सवतीच्या नाकासाठी घातला. तिसऱ्या प्रहरापर्यंत दगड खरखरीत झाला. सुभानानं ओल्या पायानं त्याच्यावर उभं राहून बघितलं, आणि भोयांनी पालखी उचलली.

बाईसाहेबांनी वाट ठेवली. सुभानाचं नाव वाटेवर कोरा म्हणाल्या. सुभाना नको म्हणाला. दगडावर नाव असलं तर त्याच्यावर पाय द्यायला माणूस बिचकतो, बाजूनं जातो, आणि बाजूला उतार आहे. यावर ठकू पुढं पंधरा दिवस त्याच्याशी धड बोलली नाही, म्हणे. चौकटीवर रखमाजीचं नाव आहे ते आजही दिसतं, आणि ठकू म्हातारी होईपर्यंत त्या नावापुढनं जाताना पावलं जरा जोरात टाकायची. हेवा काही तिचा गेला नाही. फक्त तिनं तो परत कधी घोटून गुळगुळीत केला नाही.

आजही दर वर्षी चढगल्लीतल्या बायका एक झिजलेला दगड निवडून टाकी लावतात. प्रत्येकीनं एकच घाव घालायचा, आणि आपल्याला कुणाचा हेवा वाटला ते मोठ्यानं सांगायचं. जिचं नाव घेतलं तिनं रागवायचं नाही, छिन्नी कशी धरायची ते दाखवायचं. नव्या सुना आधी लाजतात. मग इतकं सांगतात की दगड पुरत नाही. कुणाच्या जावेला गॅसची शेगडी आधी आली, कुणाच्या नणंदेचं पोर पहिल्या नंबरात आलं, सगळं त्या दगडावर आहे.

हल्ली गल्लीत गुळगुळीत लाद्या बसवायच्या असं बोलणं निघालंय. दिसायला बरं दिसेल, म्हणतात. दिसेलच. पण या चढानं रोज दप्तरं घेऊन पोरं उतरतात, दिवस गेलेल्या पोरी नळाचं पाणी गेलं की हंडे घेऊन चढतात. तेव्हा तुम्ही चौकट बघायला आलात तर अवश्य बघा, फार सुंदर आहे. पण उतरताना अनवाणी उतरा, तळव्यांना काय लागतं ते बघा, आणि घरी गेल्यावर चार माणसांना सांगा. तुमच्या गावातही अशी एखादी वाट असेल, कुणीतरी कुणाच्यातरी पायाचं माप घेऊन केलेली. ती उखडायच्या आधी तिच्यावर घागरभर पाणी ओतून बघा, म्हणावं.